फेरी की पूल : रुपयांत न मावणारा फायदा धरायचा कसा?

गोव्यातल्या डिचोलीच्या एका तरुण अभियंत्याचा प्रश्न आहे. मांडवी नदीतल्या, आज फेरीबोटीने ये-जा होणाऱ्या एका बेटासाठी पुलाचा डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, त्याच्या टेबलावर आला आहे. वेळ आणि इंधन एवढेच धरले तर लाभ-खर्च गुणोत्तर (फायदा भागिले खर्च) एकाच्या खाली जाते. गावकरी विचारतात, रात्री माणूस आजारी पडला तर न्यायचा कसा, मुलींनी संध्याकाळचा क्लास करून परतायचे कसे, हे तुमच्या कागदावर कुठे आहे? वरिष्ठांचे म्हणणे सोपे आहे : 'सामाजिक लाभ' म्हणून एक ओळ घाल आणि गुणोत्तर एकाच्या वर आण. मग मोजता न येणारे हे फायदे धरायचे तरी कसे?

वरिष्ठांचे ऐकू नका. गावकऱ्यांचेही जसेच्या तसे उतरवून घेऊ नका. तीस वर्षे हेच काम केल्यावर सांगतो, 'मोजता येत नाही' म्हणून जे पुढे येते त्यातले अर्धेअधिक कोणी मोजायला गेलेले नसते, एवढेच.

फेरीचेच घ्या. नदी ओलांडायला पाच-सात मिनिटे लागतात आणि डीपीआरमध्ये बहुधा तेवढीच धरलेली असतात. पण धक्क्यावर उभे राहून पाहा. साडेनऊला पणजीत हजेरी असलेली बाई आठ पन्नासच्या फेरीने सहज पोचेल, तरी ती आठ वीसचीच धरते. आठ पन्नासच्या फेरीत गाड्या भरल्या, किंवा ओहोटीला रॅम्प नीट लागला नाही, तर दिवस गेला. ही तीस मिनिटे ती रोज खिशात ठेवून फिरते. हा फेरीच्या बेभरवशेपणाचा खर्च आहे आणि तो घड्याळ घेऊन मोजता येतो. उभ्याने वाट पाहण्याचा वेळ गाडीत बसून घालवलेल्या वेळेच्या दुपटीपर्यंत धरण्याची पद्धतही जुनी आहे. इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी-३० ही पुस्तिका तुमच्याकडे असेलच. वाहन चालवण्याचा खर्च आणि वेळ यांच्या जोडीला अपघातांचा खर्चही त्यात आहे. तरी अपघात शेवटच्या पानावर 'इतर फायदे' म्हणून का जातात, हे मला कधी कळले नाही. पंधरा लाखांच्या आसपास वस्तीच्या या राज्यात रस्त्यावर वर्षाला अडीचशे-तीनशे माणसे जातात. तो 'इतर' फायदा नव्हे.

तेव्हा आधी हे सगळे मोजून घ्या. त्यानंतर जे उरेल तेच खरे अवघड, आणि त्यासाठी मी एकच युक्ती वापरत आलो आहे. अवघड गोष्टीला किंमत चिकटवायची नाही. हिशेब उलटा करायचा आणि निर्णय फिरवायला त्या गोष्टीची किंमत किती असावी लागेल, ते काढायचे.

समजण्यापुरते आकडे धरतो, तुमचे वेगळे असतील. पुलाचा खर्च ४० कोटी. बेटावर वस्ती ५,००० आणि रोज नदी ओलांडणारे ३,०००. माणशी सरासरी १५ मिनिटे वाचली तर दिवसाला ७५० तास, वर्षाचे ३०० दिवस धरून सव्वादोन लाख तास. तासाला ८० रुपये लावले की १.८ कोटी. फेरी चालवण्याचा वाचलेला खर्च आणि इंधन मिळून १.२ कोटी. म्हणजे वर्षाला ३ कोटी. पुढे मिळणारे रुपये आजच्या मोलात आणायला आपल्याकडे १२ टक्के दर रूढ आहे. त्या दराने ३० वर्षांचे आजचे मूल्य होते साधारण २४ कोटी. गुणोत्तर ०.६. इथे बहुतेक जण हताश होतात, किंवा वरिष्ठांचे ऐकतात.

तूट १६ कोटींची. ती त्याच दराने तीस वर्षांवर पसरली की वर्षाला सुमारे १.९६ कोटी, म्हणजे बेटावरच्या माणशी महिन्याला ३२७ रुपये आणि चौघांच्या घराला साधारण १,३०० रुपये. आता प्रश्न माणसांशी बोलता येईल असा झाला : रात्रीचा निर्धास्तपणा, मुलींचे कॉलेज, पावसाळ्यातली खात्री, हे सगळे मिळून एका घराला महिन्याला तेराशे रुपयांचे आहे का? पंचायतीत हे विचारा. 'सामाजिक लाभ : उच्च' असे लिहिले तर कोणी काही बोलणार नाही. तेराशे म्हटल्यावर बोलतील, भांडतील, आणि त्या भांडणातूनच तुम्हाला कळेल की कशाला किती वजन आहे.

अजून एक पायरी राहते, आणि बहुतेक डीपीआर तिथेच घसरतात. तो फायदा पुलाचाच आहे का?

रात्रीच्या आजारी माणसाचे पाहा. त्याला बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, पोचायचे आहे. पूल हा त्याचा एक उपाय झाला. रात्रभर एक फेरी आणि तिच्यावर दोन पाळ्यांची माणसे ठेवणे हा दुसरा, बेटावरच एक रुग्णवाहिका उभी ठेवणे हा तिसरा. समजा रात्रीची फेरी आणि रुग्णवाहिका मिळून वर्षाला ७० लाखांत होते. मग जीव वाचवण्याचे मोल कितीही मोठे असो, त्या नावाखाली पुलाच्या खात्यात ७० लाखांपेक्षा जास्त जमा करता येत नाही, कारण तेवढ्यातच तो फायदा दुसरीकडून मिळतो. एका जिवाची किंमत किती, हा नकोसा प्रश्नही मग टळतो. १.९६ कोटींतून ७० लाख गेले की उरले १.२६ कोटी, माणशी महिन्याला २१०. तेवढे उरलेल्या गोष्टींनी पेलले पाहिजे. दिवसा दुसरी फेरी सोडली तर वाट पाहण्याचा वेळही बराच कमी होतो, आणि वर धरलेल्या १.८ कोटींनाही कात्री लागते. मी पाहिलेल्या कित्येक अहवालांत पुलाची तुलना 'आज आहे तशी, रडतखडत चालणारी फेरी' हिच्याशी केलेली असते. नीट चालवलेल्या फेरीशी तुलना करा म्हटले की बैठकीत शांतता पसरते.

हे ऐकून मी पुलांच्या विरोधात आहे असे वाटेल. तसे नाही. आमच्या पिढीला ५ जुलै १९८६ विसरता येत नाही. त्या दिवशी पणजीचा मांडवीवरचा पूल कोसळला. तोवर पणजी–बेती फेरी म्हणजे गेलेल्या काळाचे अवशेष, खर्चाची ओळ. दुसऱ्या दिवसापासून राजधानीत येणारा अर्धा उत्तर गोवा त्या बोटींवर आला. फेरीचा तो उपयोग कुठल्याही वार्षिक हिशेबात नव्हता, कारण तो वापरला जाईपर्यंत दिसतच नाही. दाराशी असलेल्या विहिरीसारखे : नळाला पाणी आहे तोवर तिची कोणाला आठवण नाही. म्हणून 'पूल झाला की फेरी बंद' असे तुमच्या अहवालात असेल, तर वाचलेल्या १.२ कोटींबरोबर गमावलेला दुसरा मार्गही लिहा. दुसऱ्या बाजूने, ज्या बेटाला आज फेरीखेरीज काहीच नाही त्याला पूल हा दुसरा मार्ग ठरतो, आणि ते पुलाच्या बाजूने मोठे वजन आहे. दोन्ही एकाच कागदावर यायला हवीत.

आता लोकांना किंमत विचारण्याबद्दल. हे शास्त्र थोर आहे, पण पाय घसरवणारे आहे. १८४४ मध्ये ज्यूल द्युपुई नावाच्या फ्रेंच अभियंत्याने दाखवून दिले की पुलाचा उपयोग म्हणजे त्यावर जमा होणारा टोल नव्हे. टोल नसता तर जे आले असते आणि टोल असूनही ज्यांनी याहून जास्त दिला असता, त्यांचे सगळे धरावे लागते. आपल्याकडे फेरीत पायी जाणाऱ्याला भाडे नाही, म्हणून तिची किंमत शून्य, असे म्हणणारा अधिकारी मला भेटला आहे. द्युपुईने त्याला पावणेदोनशे वर्षांपूर्वीच उत्तर दिले होते.

पण म्हणून धक्क्यावर जाऊन 'तुम्ही किती द्याल?' असे विचारायचे का? एका पाहणीत आम्ही विचारले. मासळीची पाटी घेऊन उभी असलेली बाई म्हणाली, "आजपर्यंत फुकट नेलंत, आता पैसे कशाला?" आणि उत्तर शून्य नोंदवले गेले. आमच्यातल्या एकाने सहज उलटे विचारले, की बाय, फेरी बंद केली तर किती भरपाई घ्याल? तिने पाटी खाली ठेवली. "बंद? बंद करून तर बघ." हा आकडा तक्त्यात कुठे घालायचा? एकाच माणसाचे 'देईन' आणि 'घेईन' यांत हे एवढे अंतर असते, आणि ते तिच्या अडाणीपणामुळे नसते. हातात असलेले जाणे आणि नसलेले मिळणे, या दोन गोष्टी कोणालाच सारख्या वाटत नाहीत. एक्सॉन व्हाल्डीझ या तेलवाहू जहाजाच्या १९८९ च्या तेलगळतीनंतर अमेरिकेत केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या नोबेल विजेत्या अर्थशास्त्रज्ञांच्या अध्यक्षतेखाली एक समिती यावर बसली होती. १९९३ मध्ये त्यांनी सांगितले की अशा पाहण्या वापरता येतील, पण कडक अटींवर : प्रश्न समोरासमोर, हो-नाही स्वरूपात, आणि बदल्यात खिशातले काय जाईल ते स्पष्ट सांगून. आपल्या डीपीआरसाठी तीन दिवसांत, फॉर्म वाटून होणाऱ्या पाहण्यांत यातली एकही अट पाळली जात नाही. तेवढ्या वेळात धक्क्यावर माणसे मोजलीत तर जास्त हाती लागेल.

जमिनीच्या भावाबद्दल सावध राहा. पूल येणार म्हटले की बेटावरच्या जमिनीचे भाव चढतात, आणि कोणीतरी ते 'आर्थिक विकास' म्हणून वेगळ्या ओळीत जमा करतो. अहो, भाव चढले ते वेळ वाचणार म्हणूनच ना? तो वेळ तुम्ही आधीच धरलाय. एकच नारळ दोनदा विकायचा हा प्रकार आहे. पर्यटनाचेही तसेच. पूल झाल्यामुळे कळंगुटचा पाहुणा बेटावर जेवला, तर कळंगुटच्या खानावळीचे तेवढे गेले. राज्याच्या हिशेबात त्यातले फार थोडे नवे असते.

मात्र भाव चढण्यातून एक गोष्ट नक्की कळते : फायदा कोणाच्या पदरात पडतो. भाव चढला तर तो भाटकाराचा, म्हणजे जमीनमालकाचा. त्याच जमिनीत घर असलेल्या मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने संरक्षण आहे, पण चढलेल्या भावाने त्याच्या खिशात काही येत नाही. उलट जमीन महाग झाली की त्याला उठवण्याची खटपट वाढते. लाभ-खर्च गुणोत्तर दोघांना एकाच पोत्यात भरते. म्हणून प्रत्येक फायद्यापुढे 'कोणाला' हा रकाना मी हट्टाने घालतो. तासाला ८० रुपये सगळ्यांना सारखे लावण्यामागेही हेच कारण आहे. पगाराप्रमाणे वेळेची किंमत लावली तर मासेवालीचा तास स्वस्त आणि वीकेंड व्हिलावाल्याचा महाग होतो, आणि मग पूल त्याच्या दारापर्यंत न्यावा असे गणितच सांगू लागते.

आतापर्यंत फायद्यांबद्दल बोललो. पण हिशेबातून निसटणारे खर्चही तितकेच, आणि गोव्यात ते बहुतेक खाजनात, म्हणजे नदीकाठच्या बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनीत, असतात. पुलाला जोडरस्ता लागतो, तो भरावावरून जातो, भराव खाजन कापतो. बांध, मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) भरती-ओहोटीला आत-बाहेर होणारे पाणी, भात, मासळी हे सगळे एकमेकांत गुंतलेले आहे. भरावाने पाण्याची वाट अडली की आज काही दिसत नाही. चार पावसाळ्यांनी एका बाजूचा बांध खचतो, खारे पाणी शेतात बसते, आणि ते शेत परत भाताला यायला वर्षे लागतात. भूसंपादनाच्या तक्त्यात यातली फक्त भरावाखाली गेलेली चौरस मीटर जमीन असते. तुमच्या पुलाचा आराखडा मी पाहिलेला नाही, पण जोडरस्त्याखाली किती मोऱ्या आहेत आणि त्या मानशीच्या पातळीला जुळतात का, हे पहिल्यांदा तपासा. गुणोत्तरापेक्षा महत्त्वाचे आहे ते.

बारा टक्के दराचा खेळही इथेच कळतो. तीस वर्षांनी होणारे एक कोटीचे नुकसान आज या दराने जेमतेम ३.३ लाखांचे दिसते. सहा टक्क्यांनी तेच १७ लाखांचे होते. रंग, डांबर, बेअरिंग बदलणे यांना हा दर ठीक. बांध फुटून कायमचे गेलेले खाजन त्याच चाळणीतून गाळायचे म्हणजे नातवंडांचे भात आजच शिजवून खाण्यासारखे आहे. परत न येणाऱ्या गोष्टी मी बेरजेत घालत नाही. त्या वेगळ्या लिहितो, हेक्टरांत लिहितो, आणि वर ठळक लिहितो.

मोलेच्या जंगलाचे उदाहरण घ्या. तिनईघाट–वास्को रेल्वे दुपदरीकरणातल्या कॅसलरॉक–कुळे टप्प्याची वन्यजीव मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२२ रोजी रद्द केली. जंगलाला किती रुपये लावले यावर तो निकाल फिरला नाही. अभयारण्यावर आणि तिथल्या जिवांवर काय परिणाम होईल, याचा नीट अभ्यासच झालेला नव्हता, हा मुद्दा होता. रुपयांत बसत नाही म्हणून गोष्ट अहवालातून गळली, तर ती पुढे कोर्टात उभी राहते आणि प्रकल्पाची वर्षे खाते.

याच्या उलट, सगळे काही रुपयांत बसवायचेच असा हट्ट धरला तर काय होते, त्याची गोष्ट लंडनची आहे. तिसऱ्या विमानतळाच्या जागेसाठी १९६८ मध्ये नेमलेल्या रॉस्किल आयोगाने त्या काळातला सर्वांत मोठा लाभ-खर्च अभ्यास केला. वाटेत स्ट्युकली गावचे बाराव्या शतकातले चर्च येत होते. त्याची किंमत काय धरायची? आगीच्या विम्याची रक्कम धरण्याची कल्पना निघाली : ५१,००० पौंड. इंग्लंड खवळले. आयोगाने सुचवलेली जागा सरकारने नाकारली, निवडलेल्या जागीही विमानतळ झाला नाही, आणि एवढा कसोशीचा अभ्यास लोकांच्या लक्षात राहिला तो त्या चर्चच्या विम्यासाठी. आपल्या एखाद्या देवळापुढच्या पिंपळाची किंमत लाकडाच्या दराने लावा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. मग मला सांगा काय झाले.

मग गुणांकन करावे का? दहा निकष, प्रत्येकाला वजन, शंभरपैकी गुण? करा, पण एका अटीवर. एका कार्यालयात माझ्यासमोर तीन पर्यायांचे गुण मांडले गेले आणि नको असलेला पर्याय पहिला आला. जेवणाची सुट्टी झाली. परत आलो तर 'सामाजिक लाभ' या निकषाचे वजन २० वरून ३५ झाले होते आणि हवा तो पर्याय वर होता. कोणी खोटे बोलले नाही, सगळे कागदोपत्री नीट होते. तेव्हापासून मी वजने आधी ठरवून, सह्या घेऊन, मगच गुण भरू देतो. वजने कोणी ठरवली, तेही लिहून ठेवतो. बेटावरच्या बायकांनी लावलेली वजने आणि पर्वरीच्या सचिवालयात बसून लावलेली वजने सारखी निघाल्याचे मला तरी आठवत नाही.

तुमच्या अहवालाबद्दल एवढेच सांगेन. पहिल्या पानावर एकच तक्ता द्या. ब्रिटिशांनी १९९८ मध्ये रस्त्यांच्या मूल्यमापनासाठी असा एका पानाचा तक्ता सक्तीचा केला आणि ती कल्पना चांगली होती. डावीकडे रुपयांतले सगळे. त्याच्या शेजारी, रुपयांत न आणता, ज्याचे त्याचे माप : वर्षात किती रात्री फेरी बंद होती, किती हेक्टर खाजन, किती विद्यार्थिनी शेवटच्या फेरीवर अवलंबून. मग कोणाला. खाली एक ओळ : पूल परवडायला उरलेल्या फायद्यांचे मोल वर्षाला १.२६ कोटी हवे. ते आहे की नाही, हे तुम्ही ठरवू नका. ते मंत्र्याने, पंचायतीने, लोकांनी ठरवावे आणि नावानिशी ठरवावे. गुणोत्तर ०.६ चे १.०५ करून दिलेत, तर त्यांनी घ्यायचा निर्णय तुम्ही गुपचूप घेतलात असे होईल, आणि उद्या बांध फुटला की सही तुमची असेल.

जाता जाता, हळदोण्याहून खोर्जुव्याला एकदा जाऊन या. तेही बेटच, आणि तिथे केबलचा पूल होऊन बरीच वर्षे झाली. पुलाने काय आले आणि काय गेले, ते तिथली माणसे कुठल्याही सल्लागारापेक्षा नेमके सांगतील. आणि आपल्या बेटावर पावसाळ्यातला एखादा शुक्रवार, म्हापशाच्या बाजाराचा दिवस, धक्क्यावर काढा. सकाळी पोदेर पाव घेऊन येतो तेव्हापासून शेवटच्या फेरीपर्यंत. शेवटची फेरी सुटल्यावर धावत येऊन मागे राहिलेले किती, ते कुठे निघाले होते आणि मग त्यांनी काय केले, एवढे वहीत लिहा. १.२६ कोटींच्या त्या ओळीखाली लावायला तुमच्याकडे तेच पान लागेल.